साडेसदुसष्ट किलो

लान्डाफ, कार्डिफ
९ ऑक्टोबर १९९३

चि. सौ. नेस्टास,

ताईचे आशीर्वाद, आणि इथल्या न थांबणाऱ्या पावसाचाही नमस्कार.

तुझे दोन्ही मुलगे सुखरूप पोचले. गेथिनला मागची मोठी खोली दिली आहे, एमरिसला जिन्यावरची लहान. गेथिनने खोली पाहून नुसती मान हलवली. एमरिस म्हणाला की मावशी, घरी माझ्या खोलीत उन्हाळाभर लोकरीची पोती ठेवतात, इथे निदान वास तरी नाही. खरं का गं?

गेथिनला लाकडाच्या वखारीत काम मिळालं आहे. एमरिसचं कॉलेजचं हे शेवटचं वर्ष. पहाटे साडेपाचला दोघं सायकली काढतात आणि टाफ नदीवर बंधाऱ्याच्या वरच्या पाण्यात दीड तास होडी वल्हवतात. मी शाळेच्या ऑफिसात जायला निघते तेव्हा परत येतात आणि सगळं घर ओल्या मोज्यांनी भरून टाकतात. ग्विलिम गेल्यापासून या घरात एवढा आवाज झाला नव्हता. मला बरं वाटतं.

त्यांच्या शर्यतीचा नियम एमरिसने मला जेवणाच्या टेबलावर समजावला. हलक्या वजनाच्या गटात, दोघांच्या होडीत, दोघांचं सरासरी वजन सत्तर किलोच्या वर जाता कामा नये, आणि एकटा कुणीही साडेबहात्तरच्या वर चालत नाही. गेथिन जिवाचा आटापिटा करून साडेबहात्तरला येतो. त्याच्याखाली त्याची हाडंच उतरत नाहीत. म्हणजे एमरिसने मे महिन्यापर्यंत साडेसदुसष्टवर यायचं. आज तो एकाहत्तर आहे. मी म्हटलं की मग दुसरा कुणी हलका जोडीदार का घेत नाहीस? त्याने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी हावोद वेनची शेती विकायला सांगितली. म्हणाला, बारा वर्षं मी मागे बसून एकच पाठ बघतो आहे, ती पाठ पुढच्या क्षणी काय करणार ते मला तिच्याआधी कळतं.

ग्विलिमच्या आजारपणात आणलेला वजनकाटा न्हाणीघरात आहे. तो आता एमरिसच्या ताब्यात. गेथिन त्याच्यावर पाय ठेवत नाही. आठवड्यातून एकदा होड्यांच्या शेडमध्ये लाज जाते तेवढी पुरे, असं म्हणतो.

इडवलना नमस्कार. लोभ आहे तसाच राहू दे.

तुझी ताई,
एलिनेड

---

हावोद वेन, बाला
२४ ऑक्टोबर

ती. ताईस,

सा. न. इथले सगळे, दोन पायांचे आणि चार पायांचे, मजेत.

पत्र मोठ्याने वाचलं. ह्यांचं म्हणणं असं की आपण जन्मभर जनावरांचं वजन वाढवायला राबलो आणि पोटचा पोरगा ते उतरवायला शहरात गेला. बाजारात हलकं कोकरू आणणाऱ्याला लोक हसतात, म्हणाले. तरी परवा चॅपलबाहेर सगळ्यांना सांगत होते की माझे दोघं वेल्सकडून चार देशांच्या होड्यांच्या सामन्यात उतरणार. अजून निवड व्हायची आहे हे मी सांगितलं तर माझ्यावरच चिडले.

लोकरीची पोती खरी आहेत. दुसरीकडे ठेवणार कुठे?

ह्या दोघांना तळ्यावर वल्हं धरायला शिकवलं कुणी, तर ह्यांनीच. मासे धरायच्या जुन्या होडीत दोघांना बसवून सोडून द्यायचे. एमरिस सात वर्षांचा असेल. गेथिन दमला की हा मागून त्याच्या पाठीत डोकं मारायचा. आता काय मारतो ते विचार.

सोबत खारवलेलं डुकराचं मांस, लोणी आणि मनुकांचे दोन ब्रेड पाठवते आहे. वजनाचं त्यांचं ते बघतील, पण घरचं खाऊन कुणी हरत नाही. तूही खा. तुझं पत्र वाचून वाटलं की तू पुन्हा बोलायला लागलीस.

माया करतेसच, पत्रही करत जा.

तुझी,
नेस्टा

---

लान्डाफ
२८ नोव्हेंबर

चि. नेस्टास,

आशीर्वाद. थंडी तुमच्याकडे जास्त, पण तुमच्याकडे चुलीही जास्त.

पार्सल मिळालं. गेथिनने दोन दिवसांत अर्धं संपवलं. न्हाणीघर इतकं गार पडलं आहे की सकाळी फरशीवर पाऊल ठेववत नाही. एमरिसचे तळवे निळे दिसायला लागले, म्हणून मी वजनकाटा उचलून वरच्या मजल्यावर जिन्यासमोर आणून ठेवला. तिथे माझ्या नणंदेने, ग्विलिमच्या बहिणीने, दिलेला जाड गालिचा आहे, पाऊल बुडतं. मला म्हणाला, मावशी, आता वजन करायला राजासारखं वाटतं.

एक मात्र कळवायला सांगितलं आहे त्याने, रागावू नकोस. तुझ्या पार्सलनंतर त्याचं वजन एकदम दोन किलो वर दाखवायला लागलं. बिचाऱ्याने तीन घास खाल्ले असतील. तोंड उतरलं त्याचं. तेव्हा मे संपेपर्यंत खायचं काही पाठवू नकोस. सहीखालचा मजकूर त्याच्याच हातचा.

ताईची माया आहे, काळजी नको.
एलिनेड

आई, ता.क. मी स्वतः लिहितो आहे, कारण मावशी फार सभ्यपणे लिहिते. तुझ्या मांसाने दगा दिला. बाबांना सांग की तुमचं डुक्कर वेल्सविरुद्ध आहे. जूनमध्ये मी घरी येईन तेव्हा अख्खं कोकरू एकटा खाणार, आतापासून एक बाजूला काढून ठेवा. त्याला नाव देऊ नका, मग खाववत नाही. गेथिन बरा आहे. वखारीत एक मुलगी आहे, तिच्याविषयी विचारलं की त्याचे कान लाल होतात. एवढंच सांगतो. तुझा, ए.

---

हावोद वेन
८ जानेवारी १९९४

ती. ताईस,

सा. न. नव्या वर्षात तुझे गुडघे तरी बरे वागोत.

मुलं नाताळ करून परत गेली. घर रिकामं झालं की आधी घड्याळ ऐकू येतं.

ह्यांनी काय केलं ऐक. एमरिस जेवताना बटाटे मोजून घेतो हे पाहून म्हणाले, चल, खरं वजन बघू. आणि त्याला ओढत गोठ्यात नेऊन कोकरं तोलायच्या पिंजऱ्यात उभा केला. शेजारचा ह्यू पण होता. हसून हसून पुरेवाट. अडुसष्ट भरला. ह्यू म्हणाला की या वजनाला बाजारात चांगला भाव येईल. पण एमरिस म्हणाला की बाबा, तुमचा काटा सैल आहे, मावशीच्या काट्यावर मी सत्तर आहे. हे भडकलेच. अख्खा बाजार माझ्या काट्यावर विश्वास ठेवतो आणि तू मला सांगतोस! तर हा शांतपणे म्हणतो, सैल काट्यावर खूश झालो आणि तिकडे निवडीच्या दिवशी जास्त भरलो तर गेथिनचं वर्ष फुकट जाईल. मावशीचा काटा कडक आहे, मी त्याचंच ऐकणार.

शेडमधल्या काट्यावरही तो दोन किलो कमीच भरतो म्हणे. पण तो काटा ओलाव्याने गंजला आहे असं त्याचं म्हणणं.

मला पोराची शिस्त आवडली. गालफडं आवडली नाहीत.

मायेत कमी पडू देऊ नकोस.
नेस्टा

---

लान्डाफ
१३ मार्च

चि. नेस्टास,

आशीर्वाद. आनंदाची बातमी आधी. काल नदीवरच्या लांब पल्ल्याच्या शर्यतीत दोघं आपल्या गटात पहिले आले. मी पुलावर उभी होते. ते उलटे बसतात, त्यामुळे होडी पुलाखालून पलीकडे गेल्यावर मगच त्यांचे चेहरे दिसले. गेथिन वल्ही ओढत होता आणि एमरिस त्याच्या मागे, एकाच माणसाचे चार हात असावेत तसे. कोच माझ्याजवळ येऊन म्हणाले की या जोडीची निवड कुणी अडवू शकत नाही. निवड १४ मे, शनिवारी, इंग्लंडमधल्या एका तळ्यावर आहे.

एमरिस रोज सकाळी वजन करतो. खाली वाकून पाहिलं की काटा हलतो, म्हणून तो ताठ उभा राहतो आणि मी वाकून आकडा वाचते. आता आमची ती सवयच झाली आहे. मी आकडा सांगते, तो ‘हं’ म्हणतो आणि मग आम्ही चहा पितो, त्याचा बिनदुधाचा. घरातल्या वस्तूवर तो एवढा विसंबतो याचा मला थोडा अभिमानही वाटतो. काल एकोणसत्तर होता.

थंडी मात्र त्याला फार वाजते. अंगात कोट घालून शेकोटीजवळ अभ्यास करतो आणि तसाच झोपतो. गेथिन त्याला उचलून वर नेतो आणि म्हणतो की आता हा मला जड लागत नाही.

लोभ वाढो.
एलिनेड

---

हावोद वेन
१७ एप्रिल

ताई,

नमस्कार. कोकरं येत आहेत, बसून लिहायला वेळ नाही, पण लिहिल्याशिवाय राहवत नाही.

ईस्टरला दोन दिवस आला होता. अर्धं अंडं खाल्लं. त्याचा हात हातात घेतला तर मला आपल्या आईचा शेवटच्या दिवसांतला हात आठवला. मी ओरडले, तर हसला. त्याला माझं बोलणं आईचं बोलणं वाटतं. ह्यांचं तो थट्टेवारी नेतो. गेथिनला विचारलं तर तो म्हणाला की त्याचं काम तो करतो, माझं मी करतो. पण मान खाली घालून म्हणाला.

तुझ्या डोळ्यांसमोर आहे तो. तू बघ. तू पुरे म्हटलंस तर तो ऐकेल.

नेस्टा

---

लान्डाफ
८ मे

चि. नेस्टास,

आशीर्वाद.

तू सांगितल्याप्रमाणे मी बोलले. मी म्हटलं की तुझ्या आईला काळजी वाटते. तो म्हणाला, मावशी, आता सहाच दिवस. सहा दिवसांनी तू मला खायला घालून दमशील. आज सकाळी अडुसष्टच्या थोडा वर होता. अर्धा-पाऊण किलो राहिला.

नेस्टा, इतक्या महिन्यांची मेहनत आहे, सहा दिवसांसाठी मी त्याला अडवलं नाही. शनिवारी मीही त्यांच्याबरोबर गाडीतून जाणार आहे. चॅपलमध्ये आज सगळ्यांनी दोघांसाठी प्रार्थना केली.

शनिवार होऊन जाऊ दे, मग पोटभर लिहीन.

एलिनेड

---

लान्डाफ
५ जून

नेस्टास,

तू चॅपलला लागून असलेल्या वेस्ट्रीच्या खोलीत, मांसाचे काप करताना म्हणालीस की ताई, तोंडाने सांगू नकोस, ऐकलेलं माझ्या डोक्यात राहत नाही, त्या दिवसाचं क्रमाने लिहून पाठव. तेव्हा पुरुष सगळे कबरीकडे गेले होते आणि आपण दोघी पन्नास माणसांचा चहा मांडत होतो. तुमच्या गावात बायका कबरीवर जात नाहीत हे मी विसरले होते. कुणी माती टाकली ते तुला इडवलकडून कळलं असेल. माझ्याकडून एवढंच.

पहाटे पाचला मी आकडा वाचला. बरोबर अडुसष्ट. तो म्हणाला की अर्धा किलो, धावून निघेल. सव्वापाचला निघालो. गाडीत तो झोपला होता. तळ्यावर पोचलो तेव्हा साडेआठ. वजन अकरा वाजता होतं. तिथे आधी वजन करून बघायचा काटा होता, पण त्याच्यापुढे रांग होती, आणि त्याने उगाच वेळ जाईल म्हणून तो टाळला. दोन लोकरी स्वेटर, त्यांच्या आत प्लास्टिकची पिशवी, डोक्यावर टोपी, एवढं घालून तो तळ्याकाठच्या वाटेवर धावायला गेला. ऊन होतं. मी थर्मासमधली लापशी काढली. गेथिन खाईना. एमरिस पहिल्या फेरीला आमच्यापाशी थांबला आणि त्याला म्हणाला, ‘खा तू. तुझ्या वजनाची जागा मी केली आहे.’ मग गेथिनने दोन घास खाल्ले.

दुसऱ्या फेरीला त्याने हात केला. तिसऱ्या फेरीला आला नाही. तो होड्या वाहायच्या गाडीच्या चाकाला टेकून बसला होता. मला लांबून दिसला. बुटांची नाडी सोडतो आहे असं मला वाटलं, म्हणून मी थर्मास धुऊन घेतला. मग गेले. अंग तापलेलं होतं आणि घाम अजिबात नव्हता. मला त्याने मावशी म्हटलं नाही, आई म्हटलं. अँब्युलन्स लवकर आली. संध्याकाळी सहाला गेला. गेथिन जवळ होता, मी जवळ होते.

हे सगळं असंच झालं. मला आणखी काही चांगलं लिहिता येत नाही.

एलिनेड

---

हावोद वेन
३० ऑगस्ट

ताई,

नमस्कार.

परवा मृत्यूची चौकशी झाली. न्यायाधीशांचं बोलणं मवाळ होतं. उष्णता, अंगातलं पाणी आणि क्षार, असं डॉक्टर म्हणाले. अपघाती मृत्यू लिहिलं. तुझी साक्ष वाचून दाखवली, ती तुझ्या पत्रासारखीच होती.

पण एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. हॉस्पिटलात आणलं तेव्हाचं वजन डॉक्टरांनी वाचलं. पासष्ट किलो आणि दोनशे ग्रॅम. ताई, त्याला साडेसदुसष्ट हवे होते. सकाळी अडुसष्ट होता म्हणतेस. तासाभराच्या धावण्यात पावणेतीन किलो जातात का? डॉक्टर म्हणाले की एक जाईल, फार तर दीड. मग तो सकाळीच कमी होता. मग धावला कशाला?

कोचना विचारलं. ते म्हणाले, कदाचित गेथिन जास्त भरेल या भीतीने त्याने स्वतःचं आणखी उतरवलं असेल. ते चांगल्या मनाने म्हणाले. गेथिन माझ्या शेजारी बसला होता. उठून बाहेर गेला, तो बसने एकटाच घरी आला.

रोज सकाळी आकडा तू वाचत होतीस. तुला काय वाटतं?

नेस्टा

---

लान्डाफ
६ सप्टेंबर

नेस्टास,

आशीर्वाद. पत्र मिळालं. मला डॉक्टरी समजत नाही. मी जो आकडा दिसला तो वाचला. शाळा सुरू झाली आहे. एमरिसची पुस्तकं बांधून ठेवली आहेत, कुणी इकडे आलं तर पाठवीन.

गेथिनला माझी आठवण सांग.

एलिनेड

---

हावोद वेन
१६ ऑक्टोबर

ताई,

गेथिनने जेवण सोडलं आहे. एकदम नाही. आधी मांस सोडलं, मग ब्रेड, आता दिवसाला एक सफरचंद आणि काळा चहा. वखारीतली नोकरी तर गेलीच. ती मुलगी दोनदा येऊन गेली. तो दाराआडून मेंढ्यांकडे बघत बसला.

रोज सकाळी गोठ्यात जाऊन कोकरांच्या पिंजऱ्यात उभा राहतो. ह्यांनी पाहिलं. परवा सदुसष्ट होता. गेथिन, ताई, ज्याची हाडं साडेबहात्तरच्या खाली उतरत नव्हती. ह्यांनी पिंजरा उचलून ह्यूकडे नेऊन ठेवला, तर हा दोन मैल चालत ह्यूकडे गेला.

गुरुवारी जुनी होडी घेऊन तळ्यात गेला. अर्ध्या तळ्यावर वल्ही उचलून बसला. वारा त्याला पार पलीकडच्या काठाला घेऊन गेला. मी काठाकाठाने पळत गेले. विचारलं, काय करत होतास? म्हणाला की मागचा श्वास ऐकू येत नाही, ताल कुठून धरू. मग रस्त्यात चालताना एकदाच बोलला. ‘आई, मी सत्तर झालो असतो तर तो सत्तर राहिला असता. एवढंच गणित आहे.’ गणित बरोबर आहे. मी रात्रंदिवस ते करून बघते, बरोबरच येतं.

डॉक्टर म्हणाले की असंच चाललं तर नाताळच्या आत त्याला भरती करावं लागेल. मला दुसरा मुलगा नाही.

तू काहीतरी लपवते आहेस. तुझी सप्टेंबरची चिठ्ठी मी चुलीत टाकणार होते, टाकली नाही. लहानपणी तू आईची बशी फोडलीस आणि कुणाला न सांगता पुस्तकं बांधत बसलीस, ते मला आठवतं. काय असेल ते लिही. त्याने गेथिनचं काही भलं होणार असेल तर आता लिही.

नेस्टा

---

लान्डाफ
१९ ऑक्टोबर

नेस्टास,

गेथिनचं गणित चुकीचं आहे. चूक माझ्या घरात झाली. हे पत्र त्याला वाचून दाखव, सगळं.

जुलैमध्ये मी एमरिसची खोली आवरली. वजनकाटा जिन्यासमोर पडून होता, त्याच्याकडे बघवेना, म्हणून उचलून पुन्हा न्हाणीघरात नेला. त्या दिवशी सहज त्याच्यावर उभी राहिले. अठ्ठावन्न. आदल्याच आठवड्यात साफसफाई करताना गालिच्यावर साठ भरले होते. मला वाटलं की जेवण जात नाही, उतरले असेन. पण मनात काही तरी टोचलं. काटा परत गालिच्यावर ठेवला. साठ. फरशीवर ठेवला. अठ्ठावन्न. त्या दुपारी मी तो बारा वेळा तरी इकडून तिकडे नेला असेल.

नंतर सामानाच्या दुकानातल्या माणसाला विचारलं. तो म्हणाला की हे काटे कडक जमिनीसाठी बनवतात. जाड गालिच्यात बुडले की जास्त दाखवतात. त्याला वाटलं की मी माझ्या वजनासाठी विचारते आहे. खूश होऊन जा बाई, म्हणाला.

नोव्हेंबरमध्ये त्याच्या पायांना गार लागू नये म्हणून मी तो काटा गालिच्यावर ठेवला. त्याच आठवड्यात दोन किलो वाढले, आणि आपण तुझ्या मांसाला नावं ठेवली. इडवलचा काटा खरा होता. शेडमधलाही खरा होता. एकटा माझा खोटा होता, आणि एमरिसने तोच खरा मानला, कारण तो कडक होता. निवडीच्या दिवशी पहाटे मी अडुसष्ट वाचलं तेव्हा तो सहासष्ट होता. त्याला धावायचं काही कारण नव्हतं. उलट दीड किलो खाऊन-पिऊन तो वजनाला उभा राहू शकला असता. मार्चमध्ये मी एकोणसत्तर वाचलं आणि तुला अभिमानाने कळवलं, त्या दिवशीच तो सदुसष्ट होता. काम दोन महिने आधीच झालं होतं.

गेथिन साडेबहात्तर होता आणि एमरिस साडेसदुसष्ट, तर ते जमण्यासारखं होतं. एमरिसने ते जमवलंही होतं. साडेसदुसष्टने तो मेला नाही. त्याच्याखालच्या दोन किलोंनी मेला, आणि ते दोन किलो गेथिनचे नव्हते. माझ्या गालिच्याचे होते.

मला हे जुलैपासून ठाऊक आहे. चौकशीच्या साक्षीत विचारलं नाही, म्हणून सांगितलं नाही. तू विचारलंस तेव्हाही सांगितलं नाही. ग्विलिम नाही, मूलबाळ नाही, मला तू एकटीच आहेस, आणि तू मला ताई म्हणणं सोडशील ही भीती होती. गेथिनचं असं होतं आहे हे मला ठाऊक नव्हतं, पण मी विचारलंही नव्हतं.

काटा सोबत पाठवते आहे. गालिचा काढून टाकला आहे. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः करून बघा.

एलिनेड

---

हावोद वेन
२७ नोव्हेंबर

ताई,

पत्र वाचून दाखवलं. गेथिनने मान फिरवली. मला वाटलं की त्याचा विश्वास बसला नाही, मावशी आपल्याला बरं वाटावं म्हणून लिहिते आहे असं त्याला वाटतंय. मग ह्यांनी लोकर तोलायची सरकारी शिक्क्याची लोखंडी वजनं आणली, पंचवीस-पंचवीस किलोची दोन. काटा आधी दूधघरात दगडी फरशीवर ठेवला. पन्नास. मग बैठकीतल्या गालिच्यावर. साडेएकावन्न. गेथिन उठला. ती वजनं त्याने स्वतः उचलली आणि फरशी ते गालिचा, गालिचा ते फरशी, पाच वेळा नेली. ह्यांना मी मदत करू दिली नाही. मग तो जमिनीवर बसला आणि त्या पोराने मेपासून पहिल्यांदा मोठ्याने रडून घेतलं.

नंतर त्याने विचारलं की मावशीला कधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं, जुलै. तो गोठ्यात निघून गेला.

माझं तुला सांगते. गालिच्याचं मी तुझ्यावर धरत नाही. पोराच्या पायांना गार लागतंय म्हणून मीही तेच केलं असतं आणि मलाही कळलं नसतं. पण जुलै ते ऑक्टोबर मला गिळता येत नाही. त्या तीन महिन्यांत माझा दुसरा मुलगा रोज थोडा थोडा उतरत होता आणि तू पुस्तकं बांधत होतीस. नाताळला येऊ नकोस. ह्यांचंही तेच म्हणणं आहे. मार्चमध्ये कोकरं येतील तेव्हा इथे हात कमी पडतील. तेव्हा ये. बोलायला नको, कामाला ये. पुढचं पुढे बघू.

आणखी एक लिहायचं आहे. काल सकाळी गेथिनने काटा फरशीवर ठेवला आणि मला हाक मारली. तो ताठ उभा राहिला, समोर बघत. मी वाकले. तू कशी वाकत होतीस ते तेव्हा मला कळलं. पासष्ट आणि थोडं वर. तोच आकडा, ताई, एमरिसचा हॉस्पिटलातला. गेथिन मी तो म्हणायची वाट बघत होता. मी आकडा वाचला नाही. म्हटलं, उतर खाली आणि जेवायला बस.

बसला. दोन बटाटे खाल्ले, लोणी लावून.

नेस्टा